पाऊण तासाचा संशय

आमचे हे संशयी आहेत असं मी लिहिलंय हे त्यांना कळलं, तर पहिला प्रश्न येईल, "हे तुला कोणी लिहायला सांगितलं?" म्हणून आधीच सांगून टाकते, कोणी सांगितलेलं नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर बायकोला एवढा हक्क मिळायला हवा.

कुलूप लावल्यावर ओढून बघणारे पुष्कळ असतात. हे ओढून बघतात, जिना उतरतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि मला विचारतात, "तू लावलंस की मी?" मी लावलं असेल तर परत फिरायचं. त्यांनी लावलं असेल तरी परत फिरायचं, कारण मध्ये मी उघडलं असण्याची शक्यता उरतेच. दुकानदाराने वजन चोख केलं तर म्हणतात, आज चोख केलं म्हणजे आजवर काटा मारत होता. डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही, की हे दुसऱ्या डॉक्टरकडे. त्यांनीही तेच सांगितलं, की ते दोघे डॉक्टर आतून मिळालेले. सासूबाई सांगायच्या, लहानपणी हा दूधसुद्धा हुंगून प्यायचा. एकदा रागाच्या भरात मी यांना शंकासूर म्हटलं आणि ते नाव माझ्या माहेरी कायमचं चिकटलं. चिकटवलं अर्थात दादाने.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हे स्थळ त्यानेच आणलं होतं. दोघं एकाच कारखान्यात, एकाच कंट्रोल रूममध्ये, एकाच खुर्चीवर बसायचे. हे सकाळपाळीला, दादा दुपारपाळीला. हे उठायचे आणि दादा बसायचा, खुर्चीला थंड व्हायला फुरसत नाही. "माणूस सरळ आहे," दादाने घरी सांगितलं, "फक्त कशावर विश्वास ठेवत नाही." आईने विचारलं, "तुझ्यावर?" दादा म्हणाला, "माझ्यावर तर मुळीच नाही!" सगळे हसले. मीही हसले. जरा थांबून विचार करायला हवा होता, पण त्या वयात कोण थांबतं.

कारखान्याचं काम साधं होतं. रंगाच्या आणि औषधांच्या कंपन्यांतून वापरून झालेलं सॉल्व्हंट, म्हणजे माल विरघळवायचं रसायन, पिंपांतून यायचं, त्यात पाणी मिसळलेलं असायचं. ते एका उंच टॉवरमध्ये उकळवायचं. पाण्याची वाफ होऊन ती वर जायची, स्वच्छ सॉल्व्हंट खाली उतरायचं आणि टाकीत जायचं. वर गेलेल्यातला थोडा भाग थंड करून पुन्हा टॉवरच्या डोक्यावरून आत सोडतात. का सोडतात ते यांनी मला बरेचदा समजावलं आणि मी बरेचदा मान डोलावली. मला पक्कं कळलं ते एवढंच, की ते सोडायला एक व्हॉल्व्ह असतो, आणि तो एकदम जास्त उघडला तर पाणी खालपर्यंत येऊन माल बिघडतो. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला टॉवर दिसत नाही. त्याला पडद्यावर टॉवरच्या तापमानाची एक रेघ दिसते आणि हाताशी व्हॉल्व्ह फिरवायच्या कळा असतात. ती सरळ असली की चहा प्यायचा, वाकडी झाली की चहा बाजूला ठेवायचा.

मग कंपनीने जाहीर केलं, की नोकरी सांभाळून कॉलेजात जाऊन जो केमिकल इंजिनीअरिंगची पदवी घेईल त्याला शिफ्ट इन्चार्ज करू. जागा एक. नाव घातलं दोघांनी. हे अभ्यास करायचे आणि दादा यांचा अभ्यास उतरवून घ्यायचा. परीक्षेच्या आधी आठवडाभर घरी येऊन तो यांची वही घेऊन जायचा, आणि निकालात यांच्या बरोबरीने किंवा दोन गुण वर असायचा. हे जळफळायचे. "तो वही नेतो तेव्हा मला काहीतरी चुकीचं लिहून ठेवायला हवं," असं एकदा म्हणालेसुद्धा. मी म्हटलं, "लिहा, आणि मग स्वतःच ते पाठ करून जा."

असं करत करत शेवटचा विषय उरला. प्रोसेस डायनॅमिक्स अँड कंट्रोल. बाकीचे विषय यांनी कर्तव्य म्हणून केले, या विषयाच्या मात्र ते प्रेमात पडले. मी घरी शिवणकाम करते. माझ्या कापणीच्या टेबलावर एका बाजूला ब्लाउजपीस आणि दुसऱ्या बाजूला यांची पुस्तकं, अशी वाटणी झाली होती. एक दिवस डोळे चमकवत म्हणाले, "अगं, हे सगळं शास्त्र संशयाचं आहे! यंत्राला एखादी गोष्ट सांगितली म्हणून ती झाली असं धरायचं नाही. परत बघायचं, झाली का. नसेल झाली तर पुन्हा सांगायचं, पुन्हा बघायचं. याला फीडबॅक म्हणतात. कुलूप ओढून बघणं म्हणजे दुसरं काय आहे?" एवढं मोठं पुस्तक आपल्या बाजूने उभं राहिलेलं पाहून त्यांना जो आनंद झाला, तो लग्नातही दिसला नव्हता.

त्या पुस्तकात आणखी एक प्रकरण होतं, डेड टाइमचं. ते त्यांनी मला आमच्या न्हाणीघरातल्या नळावर समजावलं. गीझर स्वयंपाकघराबाहेर, न्हाणीघर दुसऱ्या टोकाला, मधला पाइप लांबलचक. गरम पाण्याचा नळ सोडला तरी बराच वेळ गारच येतं. माणूस कंटाळून नळ आणखी सोडतो आणि मग अंग भाजतं. "भाजलं ते आत्ताच्या नळाने नाही," हे म्हणाले, "मघाशी फिरवलेल्या नळाने. करणं आणि होणं यांच्यात जो मेलेला वेळ जातो ना, तिथेच माणूस फसतो." छान समजावलं होतं. वर्गात हे प्रकरण त्यांनी सरांच्या जागी उभं राहून शिकवलं असतं.

या विषयाला एक प्रोजेक्ट होतं. प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागचं एखादं यंत्र घ्यायचं, त्याला हळूच धक्का देऊन ते कसं वागतं ते बघायचं आणि त्याला चालवण्याचे अधिक चांगले आकडे शोधायचे. यांनी टॉवर घेतला. दादाने फोनवर विचारलं, "काय रे शंकासूर, प्रोजेक्टला काय घेतलंस?" हे म्हणाले, "बघतोय अजून." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "कळलं? विचारपूस सुरू झाली."

सकाळपाळीला हे कामावर गेले की थोडं थोडं करत, पुस्तकात सांगितलंय तसं अगदी सावकाश, व्हॉल्व्ह आपल्या नव्या आकड्यावर आणायचे. टॉवर खूश, रेघ सरळ, वाफही कमी लागायची. खरंच चांगले आकडे सापडले होते त्यांना. पण पाळी संपत आली की यांची नजर घड्याळाकडे. दादा येऊन बसणार, पडद्यावर नवे आकडे बघणार आणि आयते उचलणार! म्हणून दादा यायच्या जरा आधी हे घाईघाईने सगळं जुन्या आकड्यावर ढकलून ठेवायचे. सावकाश करायला वेळ कुठे होता? एका झटक्यात. "जाताना सगळं जसंच्या तसं," मला मोठ्या फुशारकीने सांगितलं, "त्याला पत्ता लागणार नाही." मला त्यात कोतेपणा दिसला आणि तो मी बोलूनही दाखवला. धोका मला दिसला नाही. मी शिवणकाम करते, टॉवर चालवत नाही. यांना दिसायला हवा होता.

पण यांना काय दिसलं? रोज सकाळी जाऊन हे आदल्या दिवसाची रेघ बघायचे. आपण निघेपर्यंत फुटपट्टीने ओढल्यासारखी सरळ. दादा बसतो आणि काही वेळात रेघ घसरते, मग वर उसळते, मग पुन्हा खाली. रोज! यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली. दादा काहीतरी करतोय. एकतर तोही याच टॉवरवर प्रोजेक्ट करतोय, नाहीतर आपलं प्रोजेक्ट बिघडवतोय.

"अहो, त्याला विचारा की सरळ," मी म्हटलं.

"विचारलं की सावध होईल."

म्हणून यांनी काय केलं ते ऐका. माझा शिवणाचा निळा खडू खिशात घालून नेला आणि व्हॉल्व्हच्या कळांवर त्याची चिमूटभर भुकटी पसरून ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतात तर भुकटी पुसलेली. घरी येऊन असा चेहरा केला, जसा काही चोर मुद्देमालासकट पकडला. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. "अहो, तो ऑपरेटर आहे! त्या खुर्चीवर बसून तो कळा नाही दाबणार तर काय पेटी वाजवणार?" यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू बहीण आहेस. तुला असंच वाटणार."

त्या रविवारी दादा आणि वहिनी घरी आले. यांनी टेबलावरचे कागद पटकन पालथे घातले. दादाने ते पाहिलं. तो बसला, पाणी प्यायला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काय गं, तुझा निळा खडू संपला की काय?" मी कानकोंडी झाले. हे खिडकीबाहेर बघत राहिले. वहिनी कधी माझ्याकडे, कधी यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने दोघं उठले. दादा एरवी जेवल्याशिवाय जात नाही, त्या दिवशी गेला. त्यानंतर त्यांचं येणंच थांबलं. मी फोन केला की वहिनी म्हणायची, कामात आहेत. माझं माहेर म्हणजे दादाच, आई-वडील केव्हाच गेले. ते दारही असं लोटलं गेलं आणि मला सांगायला कारण काय, तर एका पडद्यावरची रेघ वाकडी होते.

आणि मग ती टाकी बिघडली. एका दुपारी खाली पंप गळायला लागला म्हणून दादा खुर्ची सोडून बघायला गेला. तेवढ्यात रेघ घसरली. सावरायला खुर्चीवर कोणी नव्हतं. पाणी खालपर्यंत उतरलं आणि स्वच्छ मालाची भरलेली टाकी नासली. साहेबांनी दादाला बोलावून झापलं, कंट्रोल रूममधून काढलं आणि मागच्या अंगणात पिंपं भरायला पाठवलं. महिनाअखेरीला ठरवू, म्हणाले, कामावर ठेवायचं की नाही. दादाची पाठ आधीच अधू. भरलेली पिंपं लोळवायचं ते वय नव्हतं. नोकरी गेली असती तर दुसरी कोण देणार होतं?

हे सगळं वहिनीने मला फोनवर रडत रडत सांगितलं. हे घरी आले ते जिंकून आल्यासारखे. "मी म्हणत नव्हतो? उगाच रेघ हलत नाही!"

माझ्या हातात कात्री होती, ती मी टेबलावर आपटली. काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. एवढं आठवतं, की "माझ्या भावाची नोकरी जाते आणि तुम्हाला पेढे वाटावेसे वाटतात!" असं म्हटलं. नंतर बरेच दिवस घरात बोलणं गरजेपुरतंच राहिलं. मीठ दे, दार लाव. आणि दार लावलं की हे ते ओढून बघायचे.

प्रोजेक्ट द्यायची तारीख जवळ आली. एका सुट्टीच्या दुपारी यांनी कारखान्यातून छापून आणलेल्या रेघा माझ्या टेबलावर पसरल्या आणि माझ्या टाचण्यांनी कडा रोवल्या. मनात बेत असा, की दुपारच्या रेघेत माणसाने केलेली ढवळाढवळ आहे हे प्रोजेक्टमध्ये सिद्धच करून दाखवायचं. म्हणजे पडलेल्या माणसावर वर आणखी एक दगड. मी मशीनवर होते, बघायचं नाही असं ठरवून बसले होते.

पद्धतशीर माणूस. प्रत्येक रेघेवर आधी आपण जाताना आकडे मागे ढकलले तिथे खडूने खूण केली. मग रेघ जिथे घसरते तिथे दुसरी खूण. मग माझी टेप घेतली आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. पुढचा कागद. पुढचा. टेप ओढल्याचा आवाज येत होता, तो हळूहळू मंदावला. मी मान वर केली.

"घड्याळ बिघडलेलं असणार," हे स्वतःशीच म्हणाले. जाऊन फोनवर कोणाला तरी विचारून आले. घड्याळ ठीक होतं. मग म्हणाले, छापणारं यंत्र कागद ओढतं. फुटपट्टीने तपासलं, तेही ठीक. मग म्हणाले, दादा मुद्दाम रोज नेमका त्याच वेळी करत असेल. मग एक कागद हातात घेऊन खूप वेळ उभे राहिले. माझी दाढ काढली त्या दिवशीचा कागद होता तो. हे माझ्याबरोबर होते, कामावर गेलेच नव्हते. त्या दिवशी दुपारी खुर्चीवर दादाच होता. आणि रेघ सरळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

टाकी नासली त्या दिवशीचा कागद यांनी सगळ्यात शेवटी मोजला. अंतर तेच. पाऊण तास.

घड्याळ झालं, यंत्र झालं, दादा झाला. संशय घ्यायला आता एकच माणूस उरला होता, आणि त्याच्यावर यांनी जन्मात कधी घेतला नव्हता. खुर्चीवर बसले. तोंडाचा रंग उडालेला. "मी ढकलत होतो," म्हणाले, "आणि त्याच्यावर येऊन पडत होतं." मी मशीन थांबवलं. राग इतके दिवस साठवलेला होता, पण त्या तोंडाकडे बघून तो कुठे काढावा ते कळेना. मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी न हुंगता प्यायलं.

दुसऱ्या दिवशी हे कागदांची सुरळी घेऊन साहेबांकडे गेले आणि सांगितलं, टाकी माझ्यामुळे नासली. साहेबांनी ऐकलं, कागद उलटे-सुलटे केले आणि हसले. "मेहुण्याला वाचवायला आलास? घरी जेवण बंद झालंय वाटतं."

यांनी डेड टाइम समजावला, खुणा दाखवल्या, दाढ काढल्याचा दिवस दाखवला. साहेब म्हणाले, "कागद तुझे, खुणा तुझ्या, दाढ तुझ्या बायकोची. मी विश्वास कशावर ठेवू?" ज्याने आयुष्यभर सगळ्यांना हाच प्रश्न विचारला, त्याला पहिल्यांदा तो कोणीतरी विचारला होता.

शेवटी साहेबांनीच तोड काढली. माल बाजूच्या कच्च्या टाकीत वळवायचा आणि तेच सगळं पुन्हा करायचं. खुर्चीवर मेहुणाच बसेल, पण काही झालं तरी कळांना हात लावणार नाही. पाऊण तासाने रेघ पडली, तर तो खुर्चीवर कायम आणि हे पिंपं भरायला. नाही पडली, तर दोघांनी संगनमताने साहेबांना फसवलं. मग मेहुण्याचं नाव त्याच दिवशी हजेरीपटावरून काढायचं, यांचं नंतर बघू.

संध्याकाळी आम्ही दादाकडे गेलो. वहिनीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "आता काय राहिलंय?" मी म्हटलं, "वहिनी, आत तरी येऊ दे." दादा पाठीखाली उशी घेऊन पलंगावर पडला होता. उठला नाही. यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, घाई, पाऊण तास. दादा छताकडे बघत ऐकत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मी यायचो तेव्हा तुझी बोटं कळांवर असायची. रोज दारातून बघत होतो. तू उठायचास आणि मी बसून पुढे तासभर रेघ ओढून आणायचो. एक दिवस पंपाकडे गेलो आणि गेली."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम करतोयस." दादा आता यांच्याकडे बघत होता. "खुर्ची एक, माणसं दोन. वर तो खडू."

दादाच पुढे म्हणाला, "साहेबांनी विचारलं होतं, आधीच्या माणसानं कशाला हात लावला होता का. मी म्हटलं, नाही."

आणि आमच्या शंकासुराने विचारलं, "का?" सवयीने, त्याच आवाजात, जणू यातही दादाचा काही डाव असावा!

"का काय विचारता, अहो!" मी ओरडले. "तुम्ही त्याची नोकरी घालवताय असं समजूनसुद्धा तो गप्प बसला, आणि तुम्ही विचारताय का!"

दादा शांतपणे म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर हिने कुठल्या घरी जायचं होतं?"

वहिनी आत निघून गेली. मला रडू आवरेना. हे तसेच हात लोंबकळत उभे. मग हळू आवाजात त्यांनी साहेबांची अट सांगितली.

दादाने दोनदा विचारून घेतली. "म्हणजे तू पुन्हा व्हॉल्व्ह ढकलणार."

"हो."

"आणि मी हात बांधून बसायचं."

"हो."

"आणि या खेपेला तू मुद्दाम थोडाच ढकललास तर? रेघ पडणार नाही. मी घरी, तू इन्चार्ज."

"मी असं का करीन?"

"मी तरी तुझी रेघ का वाकडी करीन? तेव्हा विचारलं होतंस हे स्वतःला?"

दादा "उद्या बघू" म्हणाला आणि कुशीवर वळला. येणार की नाही ते सांगितलं नाही. आम्ही परत आलो, हे कुलूप उघडून आत गेले आणि दार लावल्यावर ओढून बघायचं विसरले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. थोडं यांनी सांगितलं, थोडं नंतर दादाने, आणि दोघांचं जुळलं.

दादा आला. अंगणातल्या मळक्या कपड्यांतच आला, कोणाकडे न बघता खुर्चीवर बसला. यांनी साहेबांसमोर व्हॉल्व्ह एका झटक्यात जुन्या आकड्यावर ढकलला आणि मागे सरकून उभे राहिले. दादाने दोन्ही हात मांडीखाली घातले.

रेघ सरळ होती. सरळच राहिली. साहेबांनी चहा मागवला, प्यायले, कप ठेवला. रेघ सरळ. हे घड्याळ आणि पडदा आलटून पालटून बघत होते. पुस्तक पाठ होतं, सगळे कागद मोजलेले होते, पण आतला शंकासूर जागा झाला. आज वाफेचा दाब वेगळा असेल तर? बाहेरचा हातव्हॉल्व्ह कोणी आवळून ठेवला असेल तर? साहेबांनीच ठेवला असेल तर? हे बघून यायला दाराकडे वळले. दादा मागे न बघता म्हणाला, "बस खाली." हे बसले.

चाळीस मिनिटं होऊन गेली. साहेब घड्याळ बघून म्हणाले, "माझी करमणूक पुरे झाली." हे म्हणाले, "साहेब, थोडं थांबा." साहेब उभे राहिले, कागद गोळा करायला लागले, आणि रेघ खाली वाकली. आधी नखाएवढी. मग घसरतच गेली. दादाचे हात सवयीने मांडीखालून निघाले, कळांपर्यंत गेले आणि त्याने ते परत आत घातले. रेघ पडतेय आणि हा माणूस बघत बसलाय, असं ते दृश्य होतं, हे म्हणाले. साहेब हातातले कागद ठेवून पडद्याजवळ आले. मग म्हणाले, "सावर आता." तेव्हा कुठे दादाने कळांना हात लावला.

दादाला खुर्ची परत मिळाली, यांना पिंपं. इन्चार्जचं कोणाला काय मिळणार ते साहेबांनी सांगितलं नाही, आणि यांनी विचारलंही नाही. घरी आले तेव्हा अंगाला सॉल्व्हंटचा वास येत होता. कपडे न बदलता माझ्या टेबलापाशी बसले आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "दादा काय म्हणाला शेवटी?"

"काही नाही. उद्या येताना प्रोजेक्ट घेऊन ये, उतरवून घ्यायचंय, म्हणाला."

मला हसू आलं. यांना आलं नाही. टेबलावरची टेप हातात घेऊन ते ती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"रेघ हलत नव्हती ना इतका वेळ," ते म्हणाले, "तेव्हा मी त्याच्याकडे बघत होतो. मी त्याच्या जागी असतो आणि तो माझ्या जागी, तर त्याने थोडाच ढकललाय असं धरून मी पहिल्याच मिनिटाला कळांना हात घातला असता."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"त्यालाही माहीत होतं," हे म्हणाले. "तरी बसला." मग टेप टेबलावर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी यांना रडताना पाहिलं.